कोडमधल्या कमेंटमधून टीमसाठी डॉक्युमेंटेशन: कुठलं काम आधी, कुठलं नंतर

बीकेसी असो, पवई असो की ऐरोली, बऱ्याच टीममध्ये हे असंच होतं. कोणीतरी एका दुपारी डॉक्सिजन (कोडमधल्या कमेंटमधून आपोआप पानं बनवणारं टूल) इन्स्टॉल करतं, अख्ख्या रिपॉझिटरीवर (म्हणजे प्रोजेक्टच्या सगळ्या कोडवर) चालवतं, ढीगभर पानं तयार होतात, लिंक ग्रुपवर टाकली जाते, दोनचार जण उघडून बघतात आणि पुढच्या आठवड्यापासून परत सगळे एकमेकांना "अरे हे फंक्शन नक्की काय देतं" असं विचारायला लागतात. टूलमध्ये काही खोट नसते. जे काम शेवटी करायचं ते पहिल्या दिवशी केलं जातं आणि जे पहिल्या दिवशी करायचं ते कधीच होत नाही, म्हणून असं होतं. टूल फक्त कमेंट उचलून पानावर मांडतं, त्यामुळे कमेंटमध्ये काही नसेल तर पानावरही काही नसणार.

खाली मी सी प्लस प्लस आणि डॉक्सिजन धरून क्रम दिलाय, कारण मुंबईत ब्रोकिंगच्या बॅक ऑफिसला असा जुना सी प्लस प्लस कोड भरपूर आहे आणि सगळ्यात जास्त गोंधळ मी तिथेच बघतो. पायथन, जावा, गो वाल्यांसाठी शेवटाकडे वेगळा भाग आहे, पण क्रम सगळ्यांना तोच लागू होतो. सेटिंगची आणि टॅगची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिलीयेत, फाइलीत ती रोमन अक्षरांतच जातात.

## टप्पा १: वाचणारा कोण ते ठरवा

हा टप्पा सगळे सोडतात. "सगळ्यांसाठी" डॉक्युमेंटेशन काढलं की ते कोणाच्याच कामाचं राहत नाही. आतल्या डॉक्युमेंटेशनचे वाचणारे साधारण तीन प्रकारचे असतात: तुमची लायब्ररी वापरणारी शेजारची टीम, नवीन जॉईन झालेला माणूस, आणि रात्री प्रॉडक्शनला काहीतरी फुटलंय म्हणून घाईघाईत शोधणारा तुमचाच सहकारी. पहिल्याला फक्त पब्लिक फंक्शनं हवी असतात, तिसऱ्याला प्रायव्हेटसुद्धा लागतात, आणि दुसऱ्याला फंक्शनच्या आधी "हे मॉड्यूल आहेच कशाला" हे हवं असतं.

माझं मत विचाराल तर शेजारच्या टीमपासून सुरू करा. त्यांच्यासाठी लिहिताना तुम्हाला आपोआप ठरवावं लागतं की बाहेरच्याला काय वचन द्यायचं आणि आतलं काय आतच ठेवायचं. एकदा ते झालं की बाकी दोघांसाठी वाढवणं सोपं जातं.

आता टीमच्या चॅटमध्ये जा आणि गेल्या काही महिन्यांत तुमच्या मॉड्यूलबद्दल लोकांनी काय काय विचारलंय ते एका कागदावर उतरवा. रक्कम रुपयात येते की पैशात, तारीख कुठल्या टाइमझोनची, रिकामी लिस्ट आली तर एरर समजायची का, हे फंक्शन दोन थ्रेडमधून एकदम बोलावलं तर चालेल का. कमेंटमध्ये काय लिहायचं याची यादी म्हणजे हीच. यादी हातात नसेल तर लोक फंक्शनचं नाव वाक्यात फिरवून लिहितात आणि त्यालाच कमेंट म्हणतात.

तपासा: कागदावर मॉड्यूलचं नाव, वाचणारा कोण, आणि किमान दहाबारा खरे विचारले गेलेले प्रश्न आहेत का? नसतील तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: टूल लावण्याआधीची साफसफाई

आधी डॉक्सिजनचं व्हर्जन पक्कं करा. तुमच्या लॅपटॉपवर एक, सीआय सर्व्हरवर (कोड आला की बिल्ड आणि तपासण्या आपोआप चालवणाऱ्या मशीनवर) दुसरं असं असलं की तुमच्याकडे शून्य वॉर्निंग आणि तिकडे पन्नास, आणि मग दोन दिवस त्यातच जातात. डॉकर इमेजमध्ये (सगळ्या मशीनवर सारखाच चालणारा तयार साचा) ठरावीक व्हर्जन टाका आणि सगळ्यांनी त्याच इमेजमधून चालवा.

मग काय वगळायचं ते ठरवा. बाहेरून आणलेल्या लायब्ररी, टूलने तयार केलेला कोड, टेस्ट, जुने बॅकअप फोल्डर, हे सगळं बाहेर. इथे एक हमखास होणारी चूक आहे: एक्सक्लूड_पॅटर्न्स या सेटिंगमध्ये लोक नुसतं फोल्डरचं नाव लिहितात आणि मग ते वगळलं का जात नाही म्हणून डोकं धरून बसतात. हे पॅटर्न फाइलीच्या पूर्ण, म्हणजे मुळापासूनच्या पाथशी जुळवले जातात, त्यामुळे फोल्डरच्या नावाच्या आधी आणि नंतर दोन्हीकडे तारांकन आणि स्लॅश लागतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कमेंटमध्ये काय काय पडलंय ते आधी वाचून घ्या. जुन्या कोडमध्ये टेस्ट सर्व्हरचा पासवर्ड, आतल्या मशीनचे आयपी, "उदाहरणार्थ" म्हणून कोणा खऱ्या क्लायंटचा पॅन नंबर किंवा क्लायंट कोड, असं काहीही सापडतं. कोडमध्ये खोल कुठेतरी होतं तोवर मोजक्या लोकांना दिसत होतं, आता तुम्ही त्याला सर्च बॉक्स लावणार आहात. गिटलीक्ससारखं, कोडमध्ये राहिलेले पासवर्ड शोधणारं टूल चालवा, पण त्यावरच विसंबू नका, कारण पासवर्डसारखं दिसणारं ते पकडेल, कमेंटमधला माणसाचा पॅन तुम्हालाच पकडायचाय. त्यासाठी साधा ग्रेप (फाइलींत मजकूर शोधायची कमांड) पुरतो: पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर.

सावधान: सापडलेला पासवर्ड फक्त कमेंटमधून पुसून भागत नाही, तो गिटच्या हिस्टरीत तसाच राहतो. आधी पासवर्ड बदला, मग कमेंट पुसा.

## टप्पा ३: कॉन्फिग फाइल, अगदी मोजकी

डॉक्सिजनला मायनस जी दिलं की तो कॉन्फिग फाइल बनवून देतो, पण ती प्रचंड मोठी असते, प्रत्येक सेटिंगचं स्पष्टीकरण त्यातच असतं. तशीच कमिट केली तर तुम्ही नक्की काय बदललंय हे नंतर कोणालाच कळत नाही. मायनस एक्स दिलं की डिफॉल्टपेक्षा वेगळ्या असलेल्या ओळी तेवढ्या मिळतात. तेवढ्याच ठेवा, आणि प्रत्येक ओळीच्या वर ती का आहे ते एका वाक्यात लिहा.

सुरुवातीला ह्या गोष्टी बघायच्या.

इनपुटमध्ये एकच मॉड्यूलचं फोल्डर द्या, अख्खी रिपॉझिटरी नाही. रिकर्सिव्ह डिफॉल्टने बंद असतं, आत सबफोल्डर असतील तर चालू करा, नाहीतर अर्ध्या फाइली गायब आणि लोक म्हणतात टूल बिघडलंय. जनरेट_लेटेक डिफॉल्टने चालू असतं, ते बंद करा, उगाच वेळ खातं. फुल_पाथ_नेम्स चालू असतं आणि बिल्ड मशीनवरचा लांबलचक पाथ पानावर येतो, तेव्हा स्ट्रिप_फ्रॉम_पाथमध्ये रिपॉझिटरीचं मूळ फोल्डर द्या. व्हर्बेटिम_हेडर्ससुद्धा डिफॉल्टने चालू असतं, म्हणजे हेडर फाइल जशीच्या तशी पानावर उमटते आणि त्यातल्या साध्या कमेंटही दिसतात. वाचणाऱ्या टीमला तुमचा कोड बघायची परवानगी नसेल तर हे बंद करायलाच हवं. कॉल ग्राफ वगैरे आकृत्या आत्ता नकोत. दिसायला छान असतात पण मोठ्या कोडवर बिल्ड खूप लांबवतात आणि पहिल्या महिन्यात त्यांच्याकडे बघायला कोणाला फुरसत नसते.

आता सगळ्यात मोठा सापळा: एक्स्ट्रॅक्ट_ऑल. हे चालू केलं की कमेंट असो नसो, प्रत्येक गोष्टीचं पान तयार होतं. भरपूर पानं बघून बरं वाटतं, म्हणून जवळजवळ प्रत्येक जण पहिल्याच दिवशी चालू करतो. पण हे चालू असताना "याला कमेंटच नाही" ही वॉर्निंग डॉक्सिजन आपोआप बंद करतो. म्हणजे काय राहिलंय ते सांगणारी एकमेव गोष्ट तुम्ही स्वतःच्या हाताने बंद केलीत. ते नो ठेवा. पानं कमी दिसतील, दिसू देत.

तपासा: बिल्ड चालवा. पानं पाचदहाच आली, वॉर्निंग भरपूर आल्या आणि बाहेरच्या लायब्ररीचं एकही नाव दिसत नाही? मग बरोबर चाललंय.

### फंक्शन पानावर येतच नसेल तर

इथे बरेच लोक अडकतात म्हणून कारणं सुटी करून सांगतो, याच क्रमाने बघत जा.

कमेंट साध्या स्लॅश आणि एका ताऱ्याने सुरू झालीय का? ती डॉक्सिजन वाचत नाही. स्लॅश आणि दोन तारे, किंवा तीन स्लॅश लागतात.

फंक्शन क्लासच्या बाहेर, ग्लोबल आहे का? मग त्या फाइलीच्या डोक्यावर @फाइल टॅगवाली कमेंट हवीच. फंक्शनवर कितीही सुंदर कमेंट लिहा, फाइलीचीच नोंद नसेल तर ते येत नाही. सी मधून आलेल्या जुन्या कोडमध्ये नव्वद टक्के वेळा दुखणं इथेच असतं असं माझं निरीक्षण आहे.

फंक्शन स्टॅटिक किंवा प्रायव्हेट आहे का? त्यांच्यासाठी एक्स्ट्रॅक्ट_स्टॅटिक आणि एक्स्ट्रॅक्ट_प्रायव्हेट वेगवेगळे चालू करावे लागतात.

इफडेफच्या (ठरावीक मॅक्रो असेल तरच कंपाइल होणाऱ्या भागाच्या) आत आहे का? डॉक्सिजन स्वतः प्रीप्रोसेसिंग करतो, आणि तो मॅक्रो त्याला माहीत नसेल तर आतला कोड त्याच्या दृष्टीने नाहीच. प्रीडिफाइन्डमध्ये त्या मॅक्रोचं नाव द्या. मॅक्रोमधून तयार होणारी फंक्शनं असतील तर मॅक्रो_एक्सपान्शनही लागतं, ते डिफॉल्टने बंद असतं.

## टप्पा ४: कमेंट लिहा, एका मॉड्यूलच्या, पूर्ण

खरं काम हे आहे आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायचा. आधी वाईट नमुना बघा, असा कोड तुम्हाला कुठेही सापडेल:

```
/**
 * सेटलमेंट तारीख मिळवतं.
 * @पॅराम दिनांक  दिनांक
 * @पॅराम सेगमेंट  सेगमेंट
 * @रिटर्न सेटलमेंट तारीख
 */
```

टूलला ही कमेंट मान्य आहे. एकही वॉर्निंग येणार नाही. आणि यातून वाचणाऱ्याला नावापलीकडे काहीही कळलेलं नाही.

आता हे फंक्शन खरं काय करतं बघू. आपल्याकडे शेअर बाजारात २७ जानेवारी २०२३ पासून सगळे शेअर टी प्लस वन सेटलमेंटवर आले, म्हणजे आजचा सौदा पुढच्या सेटलमेंटच्या दिवशी सेटल (पैसे आणि शेअर प्रत्यक्ष इकडून तिकडे जातात, म्हणून बँकाही उघड्या लागतात). पण पुढचा सेटलमेंटचा दिवस म्हणजे पुढचा ट्रेडिंगचा दिवस नव्हे. १९ फेब्रुवारी २०२४ ला सोमवार होता आणि शिवजयंती होती, महाराष्ट्रात बँका बंद, बाजार मात्र चालू. त्यामुळे शुक्रवार १६ तारखेचा सौदा सोमवारी सेटल न होता मंगळवारी २० ला झाला, आणि सोमवारचा सौदाही त्याच मंगळवारी. मुंबईत बॅक ऑफिसला बसलेल्या माणसाला हे पाठ असतं. बंगळुरूहून किंवा पुण्याहून रिमोट काम करणाऱ्या नव्या डेव्हलपरला हे कोड बघून अजिबात कळणार नाही, त्याला फक्त सुट्ट्यांची दोन टेबलं दिसतील आणि तो म्हणेल की एक जास्तीचं आहे, काढून टाकू.

मग कमेंट अशी हवी:

```
/**
 * @ब्रीफ सौद्याच्या तारखेवरून सेटलमेंटची तारीख काढतं.
 *
 * सौद्यानंतरचा पहिला सेटलमेंट दिवस देतं, पहिला ट्रेडिंग दिवस नाही.
 * बाजार चालू पण बँका बंद असा दिवस इथे सुट्टी धरला जातो.
 * शुक्रवार १६ फेब्रुवारी २०२४ चा सौदा: उत्तर मंगळवार २० फेब्रुवारी.
 *
 * @पॅराम दिनांक   भारतीय वेळेनुसार सौद्याची तारीख. बाजार बंद असलेला दिवस दिला तर एरर.
 * @पॅराम सेगमेंट  फक्त इक्विटी कॅश. डेरिव्हेटिव्हसाठी दुसरं फंक्शन आहे.
 * @रिटर्न तारीख, कायम दिनांकाच्या पुढची.
 * @थ्रोज त्या वर्षाची सुट्ट्यांची यादी लोड नसेल तर.
 * @नोट दोन्ही सुट्टी टेबलं लागतात, ट्रेडिंगची आणि सेटलमेंटची. एकत्र करू नका.
 */
```

फरक कुठे पडला? कोडमध्ये जे दिसत नाही तेच लिहिलंय. का, कुठली मर्यादा, काय दिलं तर फुटेल, आणि एक खरं उदाहरण तारखेसकट. माझ्या मते शेवटची नोट या कमेंटमधली सगळ्यात मोलाची ओळ आहे, कारण पुढे कोणीतरी चांगल्या हेतूने जी तोडफोड करणार असतं ती ही ओळ थांबवते.

रकमेचंही तसंच. पॅरामीटरचं नाव "रक्कम" आणि कमेंटही "रक्कम" असेल तर ते रुपये की पैसे कोण सांगणार? एकक, टाइमझोन, रिकामं चालेल का, मालकी कोणाची म्हणजे मेमरी कोणी सोडायची, थ्रेडमधून बोलावता येतं का. प्रत्येक पब्लिक फंक्शनला हे पाच प्रश्न विचारा आणि ज्यांचं उत्तर नावावरून उघड नाही तेवढंच लिहा. सगळं सगळीकडे लिहायला गेलात तर कोणी वाचणार नाही, "नाव परत करतं" असल्या एका ओळीच्या गेटरला (नुसती साठवलेली किंमत परत देणाऱ्या फंक्शनला) जास्त काही लिहायची गरज नसते, तिथे ब्रीफ पुरे.

### कमेंट कुठे लिहायची

हेडरमध्ये (जिथे फंक्शनची नुसती घोषणा, म्हणजे डिक्लरेशन असतं) की सीपीपी फाइलीत (जिथे त्याचा खरा कोड, म्हणजे डेफिनिशन असतं), यावर टीममध्ये वाद होतात, पण दोन्हीकडे लिहिणं हे सगळ्यात वाईट. डॉक्सिजन दोन्ही सापडल्या तर ब्रीफ डिक्लरेशनच्या जवळचं घेतो आणि सविस्तर वर्णन डेफिनिशनच्या जवळचं घेतो, म्हणजे पानावर अर्धं इकडचं अर्धं तिकडचं असं मिश्रण येतं आणि कोणालाच कळत नाही की हे वाक्य आलं कुठून. वापरणाऱ्यासाठीची कमेंट हेडरमध्ये, आतली युक्ती कशी चालते ते सीपीपीत साध्या कमेंटमध्ये. एवढा नियम पुरतो.

### मराठीत कमेंट लिहीत असाल तर

मराठीत लिहायला काहीच हरकत नाही, डॉक्सिजन इनपुट यूटीएफ ८ च धरतो, फक्त फाइली खरंच त्या एन्कोडिंगमध्ये सेव्ह झाल्यात ना ते बघा, विंडोजवरच्या जुन्या एडिटरमध्ये गडबड होते. अडचण दुसरीच आहे. जावाडॉक_ऑटोब्रीफ चालू असेल तर पहिला पूर्णविराम आणि त्यापुढे मोकळी जागा आली की ब्रीफ तिथे संपतो. "रक्कम रु. मध्ये द्या" असं लिहिलंत तर यादीत फक्त "रक्कम रु." एवढंच दिसेल. "उदा." आणि "डॉ." चंही तेच. पहिल्या वाक्यात संक्षेप टाळा किंवा सरळ @ब्रीफ टॅग लिहा, तो परिच्छेद संपेपर्यंत चालतो.

आणि "इथे हात लावू नका, सरांना विचारा" असली कमेंट सापडली तर तिचं नीट वाक्य करून घ्या. हात लावला तर काय होईल ते सरांना आत्ताच विचारा, त्यांनी कंपनी बदलायच्या आत.

तपासा: टप्पा १ च्या कागदावरचा एकेक प्रश्न घ्या आणि त्याचं उत्तर तयार झालेल्या पानावर बोट ठेवून दाखवा. कोड उघडायचा नाही.

## टप्पा ५: वॉर्निंग शून्यावर आणा, पण योग्य क्रमाने

वॉर्न_लॉगफाइल देऊन वॉर्निंग वेगळ्या फाइलीत घ्या, नाहीतर स्क्रीनवरून वाहून जातात. आधी "या नावाचा पॅरामीटरच नाही" अशा वॉर्निंग सोडवा. या सगळ्यात धोकादायक, कारण पॅरामीटरचं नाव बदललं आणि कमेंट जुनीच राहिली असा त्याचा अर्थ असतो, तिथे अर्थही बदललेला असण्याची शक्यता मोठी. मग तुटलेल्या लिंक. मग अर्धवट लिहिलेले पॅरामीटर, आणि "कमेंटच नाही" वाल्या सगळ्यात शेवटी.

उलट केलं तर काय होतं ते सांगतो. लोक "कमेंटच नाही" ची संख्या जास्त म्हणून तिच्यापासून सुरू करतात, घाईत शंभर फंक्शनवर टप्पा ४ मधल्या वाईट नमुन्यासारख्या ओळी ओततात, वॉर्निंग शून्य होतात, आणि काय खरंच लिहायचं राहिलं ते ओळखायची खूणच पुसली जाते. एआयकडून एका झटक्यात कमेंट भरून घेतल्या तरी नेमकं हेच होतं, कारण त्याला कोड दिसतो, शिवजयंतीची सुट्टी दिसत नाही. मसुदा त्याच्याकडून घ्या, पण एकक, कारण आणि मर्यादा माणसाने स्वतः भरल्याशिवाय मर्ज करू नका.

एखाद्या फंक्शनवर आत्ता लिहायला वेळ नसेल तर ते बिनकमेंटचं राहू द्या आणि त्याची वॉर्निंगही. रिकामी जागा प्रामाणिक असते, भरताड कमेंट वाचणाऱ्याला फसवते.

## टप्पा ६: पानांची मांडणी

डॉक्सिजन डिफॉल्टने क्लासची आणि फाइलींची यादी देतो. नव्या माणसाला त्या यादीतून कुठे शिरायचं ते कळत नाही. @डेफग्रुप वापरून तीनचार विषय करा, म्हणजे "सेटलमेंट", "मार्जिन", "सुट्ट्या", असं, आणि @इनग्रुपने क्लास त्यात टाका. मुखपृष्ठासाठी वेगळं काही लिहू नका, यूज_एमडीफाइल_ॲज_मेनपेजमध्ये रीडमी द्या, फक्त त्या रीडमीत मॉड्यूल कशाला आहे, कशाला नाही, आणि पहिली तीन फंक्शनं कुठली बघायची एवढं असू द्या.

वापराचं उदाहरण कमेंटमध्ये हाताने टाइप करू नका. ते सहा महिन्यांत जुनं होतं आणि कंपाइलही होत नाही. @स्निपेट टॅगने टेस्ट फाइलीतला तुकडा ओढून घ्या. टेस्ट चालतेय म्हणजे उदाहरण चालतंय.

## टप्पा ७: सीआयमध्ये कुलूप लावा

मॉड्यूल शून्यावर आलं की त्याच दिवशी कुलूप, उद्यावर टाकू नका. वॉर्न_ॲज_एररला यस दिलं तर पहिल्या वॉर्निंगला बिल्ड थांबतं, मग एक दुरुस्त करा, परत चालवा, दुसरी दिसते, असा वैताग होतो. त्याऐवजी फेल_ऑन_वॉर्निंग्स द्या, सगळ्या वॉर्निंग दाखवून शेवटी फेल होतं.

हे फक्त त्या एका मॉड्यूलपुरतं. दुसरं मॉड्यूल तयार झालं की इनपुटमध्ये त्याचं नाव वाढवा. अख्ख्या कोडवर पहिल्याच दिवशी कुलूप लावलं तर रिलीजच्या आदल्या रात्री कोणीतरी ते उखडणार, आणि एकदा उखडलं की परत लागत नाही.

मर्ज रिक्वेस्टवर (आपला बदल मुख्य कोडमध्ये घ्या अशा विनंतीवर) फक्त तपासणी चालवा, पब्लिश मेन ब्रँचवरूनच. प्रोजेक्ट_नंबरमध्ये एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने कमिटचा हॅश (कोडच्या त्या नेमक्या आवृत्तीची ओळखखूण) घाला, डॉलर आणि कंसात व्हेरिएबलचं नाव दिलं की कॉन्फिग फाइल ते उचलते. मग पान बघणाऱ्याला कळतं की आपण कुठल्या कोडचं वाचतोय. रात्री दोन वाजता प्रॉडक्शनवर मागचं व्हर्जन चालू असताना मेनचं पान वाचून कोणी निर्णय घेऊ नये म्हणून ही एक ओळ लागते.

सावधान: डॉक्सिजन आउटपुट फोल्डरमधली जुनी पानं पुसत नाही. काढून टाकलेल्या फंक्शनचं पान तसंच राहतं आणि कोणाच्या तरी बुकमार्कमध्ये जिवंत असतं. प्रत्येक बिल्डच्या आधी फोल्डर रिकामं करा, पब्लिश करताना सर्व्हरवरचंही.

## टप्पा ८: पब्लिश, आणि दार नीट बंद

"रिपॉझिटरी प्रायव्हेट आहे म्हणजे पेजेसही प्रायव्हेट" हा समज खूप पसरलाय. गिटहबवर तसं नाही. प्रायव्हेट रिपॉझिटरीतून पब्लिश केलेली साइट जगाला उघडी असते, ती बंद ठेवायची सोय एंटरप्राइझ क्लाउडवर आहे. गिटलॅबवर पेजेसना ॲक्सेस कंट्रोल लावता येतो, पण तो लागलाय का ते सेटिंगमध्ये जाऊन डोळ्यांनी बघा. सगळ्यात सरळ म्हणजे आतल्या सर्व्हरवर एनजिनएक्स या वेब सर्व्हरमागे, कंपनीच्या लॉगिनसकट. सर्च ब्राउझरमध्येच चालतो, त्याला वेगळा सर्व्हर लागत नाही.

तपासा: मोबाइलचा वायफाय आणि व्हीपीएन बंद करा, स्वतःच्या डेटावर, इन्कॉग्निटोमध्ये लिंक उघडा. पान दिसलं तर ताबडतोब उतरवा. आणि घरून व्हीपीएनवर उघडतंय का तेही बघा, कारण जुलैत लोकल बंद पडल्या की अर्धी टीम घरूनच काम करणार आहे आणि नेमकं तेव्हा शेजारी विचारायला कोणी नसतं.

## पायथन, जावा, गो वापरत असाल तर

पायथनमध्ये स्फिंक्स या डॉक्युमेंटेशन टूलचं ऑटोडॉक एक्स्टेन्शन तुमचं मॉड्यूल नुसतं वाचत नाही, चक्क इम्पोर्ट करतं, म्हणजे चालवतं. म्हणजे फाइलीच्या वरच्या पातळीवर डेटाबेसचं कनेक्शन उघडणारी ओळ असेल तर डॉक्युमेंटेशन बिल्ड करताना ती खरोखर चालेल. हे सीआयवर प्रॉडक्शनच्या क्रेडेन्शियलसकट झालं तर काय होईल याचा विचार करा. तसा कोड फंक्शनच्या आत हलवा, आणि बिल्ड मशीनवर नसलेल्या लायब्ररींसाठी ऑटोडॉक_मॉक_इम्पोर्ट्स वापरा. हॅशवाल्या साध्या कमेंट पानावर येत नाहीत, डॉकस्ट्रिंगच (फंक्शनच्या सुरुवातीला अवतरणचिन्हांत लिहिलेलं वर्णन) लागते. गूगल किंवा नमपाय पद्धतीने लिहीत असाल तर नेपोलियन एक्स्टेन्शन चालू करा, नाहीतर सगळं एका ढेकळात दिसतं. वॉर्निंगला एरर करायला बिल्डच्या कमांडला मायनस मोठं डब्ल्यू द्या.

जावामध्ये जावाडॉक डिफॉल्टने पब्लिक आणि प्रोटेक्टेडच दाखवतो, आतल्या टीमसाठी मायनस पॅकेज किंवा मायनस प्रायव्हेट द्या. पहिल्या वाक्याचा पूर्णविरामवाला घोळ इथेही आहेच. जावा ८ पासून डॉकलिंट (कमेंट तपासणारी सोय) डिफॉल्टने चालू असतं आणि चुकीच्या एचटीएमएलवर बिल्ड पाडतं. लोक वैतागून ते पूर्ण बंद करतात, तसं करू नका, नको असलेले गट तेवढे वगळता येतात. जावा २३ पासून तीन स्लॅश देऊन मार्कडाउनमध्येही कमेंट लिहिता येते.

गोमध्ये कमेंट आणि फंक्शनच्या मध्ये एक रिकामी ओळ राहिली तरी कमेंट सुटते. रस्टमध्ये कमेंटमधली उदाहरणं कार्गो टेस्ट स्वतः चालवून बघतो, त्याचा पुरेपूर फायदा घ्या.

## टप्पा ९: रिव्ह्यूची सवय

टूल पॅरामीटरचं नाव चुकलं तर पकडतं, अर्थ चुकला तर पकडत नाही. सेटलमेंटच्या फंक्शनवर "टी प्लस टू" लिहिलेलं असेल आणि आतला कोड २०२३ मध्येच टी प्लस वन झाला असेल, तर शून्य वॉर्निंग, हिरवा बिल्ड, आणि चुकीचं पान. असली कमेंट बिनकमेंटच्या फंक्शनपेक्षा जास्त नुकसान करते, कारण वाचणारा तिच्यावर विश्वास ठेवतो.

म्हणून रिव्ह्यू करणाऱ्याने एकच गोष्ट बघायची: फंक्शनचं वागणं बदललंय आणि त्याच कमिटमध्ये कमेंट बदललेली नाही, तर मर्ज नाही. "कमेंटचं नंतर बघू" याला परवानगी द्यायची नाही, नंतर कोणी बघत नाही.

नियामकाचं किंवा एक्सचेंजचं सर्क्युलर आल्यामुळे बदल होत असेल तर कमेंटमध्ये सर्क्युलरची तारीख आणि विषय लिहा. पुढचं सर्क्युलर आलं की अख्ख्या कोडमध्ये त्या विषयावर सर्च मारायचा, जेवढ्या कमेंट सापडतील तेवढ्या एकाच मर्ज रिक्वेस्टमध्ये, कोडबरोबर, आणि त्या रिक्वेस्टचा रिव्ह्यू बॅक ऑफिसमधल्या एका माणसाकडूनही करून घ्यायचा. त्याला सी प्लस प्लस येत नसलं तरी चालतं, त्याने फक्त तयार झालेलं पान वाचायचं आणि तारखा बरोबर आहेत का ते सांगायचं.